फुटामागे एक सूत

अण्णा, काल मी कुरुंदवाडला जाऊन आले. एसटीनं. तुझ्याशिवाय त्या गावात पहिल्यांदाच पाऊल टाकलं, आणि बुडाखाली सायकल नसल्यामुळे गाव दुप्पट लांब वाटलं. तुला जाऊन अठरा दिवस झालेत. लोक अजून येतायत, चहा होतोय, 'लई भला मानूस' म्हणून उठतायत. मी मान हलवते आणि आतून जळते. कारण तुला सांगायची एक गोष्ट मी दहा वर्षं जिभेवर धरून बसले आणि तू माझी वाट न बघता निघून गेलास. आता ती निदान तिथल्या अंबाक्काच्या कानावर घालावी म्हणून मी काल गेले. तिथं काय झालं ते सांगतेच, पण मधलं सगळं टाकून थेट तिथं जायचं धैर्य माझ्यात अजून आलेलं नाही.

तुझा टेम्पो अंगणातच आहे. कुठल्याशा बेकरीचा तो मोडका टेम्पो तू घेऊन आलास तेव्हा वहिनी म्हणाली होती, "मानसं घरात ऱ्हात्यात, तुमी घर घिऊन फिरा आता." आणि तू खरंच घर केलंस त्याचं. शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर ओतकामाचे सागवानी नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचे आणि संध्याकाळी त्याच हातांनी टेम्पोत फळ्या बसवायच्या. भिंतीत मिटणारी खाट, स्टोव्हचं कपाट, पाण्याच्या टाकीवर बसायची पेटी, आणि कुठं एक खिळा दिसेल तर शपथ. खण इतके नेमके बसवलेस की पावसाळ्यात ते उघडायचेच नाहीत, मग आपण जूनपासून दसऱ्यापर्यंत चमचे वेगळ्या पिशवीत न्यायचो. दुपारी पत्रा तापला की आतून टोस्टचा वास यायचा. टपावर दोन सायकली बांधलेल्या. वहिनीला गाडी लागायची, आमच्या ह्यांना घरचा उंबरा सुटायचा नाही. म्हणून पेठ वडगावातून शाळेच्या सुट्टीत तू मला उचलायचास. पन्नाशीला आलेला भाऊ आणि चाळिशीची बहीण, पोरंबाळं घरी ठेवून उंडारायला निघायचे. वडगावात माझ्यावर बरंच बोललं गेलं. बोलू देत. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस मी त्या टेम्पोत काढले.

"गाव बघायचं तर सायकलवरनं," हा तुझा हट्ट. "मोटारीतनं बोर्ड दिसत्यात आनि चालत गेलं तर एक गल्ली बघूस्तोवर पाय दुखत्यात." म्हणून टेम्पो वेशीबाहेर झाडाखाली उभा करायचा, सायकली उतरवायच्या आणि गावात शिरायचं. पहिल्या वेळी आपण नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला आलो होतो. सगळे दर्शन घेतात, पेढे घेतात आणि परत फिरतात. तू पुलाकडं बघितलंस आणि म्हणालास, "पलीकडं काय हाय गं?"

पलीकडं कुरुंदवाड होतं. एका छोट्या संस्थानाचं जुनं गाव, दगडी जोत्यांची घरं, लाकडी खांबांचे सोपे, एका बोळातून गेलं की दुसऱ्याच्या परसात निघणारे रस्ते. मी प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत होते आणि तू पुढून ओरडत होतास, "दाबू नको! उतार कुठं न्यायलाय बघ की!" उतार नदीकडंच नेत होता. त्या गावातली प्रत्येक गल्ली शेवटी पाण्याला जाऊन मिळते, हे आपल्याला तासाभरात कळलं, कारण आपण चार वेगवेगळ्या गल्ल्यांतून सुटलो आणि चारी वेळा घाटावर पोचलो.

घाट बघून तू सायकलवरून उतरलास आणि चपला काढल्यास. तुझी ती सवयच होती, एखाद्या गोष्टीनं थक्क झालास की चपला पायात ठेवायच्या नाहीत, मग ते देऊळ असो नाहीतर फौंड्रीतलं नवं मशीन. खालून वर चढत गेलेल्या त्या काळ्या पायऱ्या, आणि सगळ्यात वर देवळाच्या भिंतीवर कोरलेली एक आडवी रेघ. एक म्हातारबाबा बसले होते, त्यांना तू विचारलंस. ते म्हणाले, "पानी आलतं की हितवर. आमच्या आज्जाच्या वक्ताला." ती रेघ आपल्या डोक्याच्याही वर होती, आणि नदी पार खाली, उन्हाळ्यानं वाळलेली, गुडघाभर. तू रेघेकडं बघितलंस, नदीकडं बघितलंस, परत रेघेकडं. मग हळू आवाजात म्हणालास, "तंगी, आपन आत्ता नदीच्या पोटात हुबं हाय."

आईनं शिकवलेलं ते कानडी 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, तू मला आयुष्यभर म्हणालास. पण त्या दिवशीचं ते वाक्य ऐकून मी मान वर केली. वर बघितलं तर आभाळ, आणि त्या आभाळापर्यंत पाणी भरलेलं मला दिसायला लागलं. आपण तासभर तिथं बसलो.

वाद सुरू झाला तो परतीच्या वाटेवर. तू म्हणालास, ह्या गावाचं लाकडात मॉडेल करायचं, घाटासकट, गल्ल्यांसकट, आणि मग त्यात पाणी ओतून बघायचं की पूर आला तर कुठलं घर कधी बुडतंय. मी म्हणाले, अण्णा, नदी मोजायची गोष्ट नाही. तू म्हणालास, "गुडघं टेकून बसायची तयारी असंल तर कायबी मोजता येतंय." मी म्हणाले, देवाचं मोजशील? तू म्हणालास, "देवळाचं मोजतो आदी." हा वाद आपण दोन-तीन वर्षं तरी घातला, प्रत्येक सुट्टीत, प्रत्येक गल्लीत.

आणि मोजलंस तू. सायकलच्या मागच्या चाकाच्या एका आऱ्याला तांबडी चिंधी बांधलीस, चाकाचा एक फेरा किती फुटांचा ते ठरवलंस, आणि सगळं गाव फेऱ्यांत मोजायला लागलास. मोजायचास कानडीत, कारण आईकडून आकडे तसेच शिकलास. ओंदू, येरडू, मूरू, नाल्कू. सायकल इतकी हळू चालवायचास की पोरं चालत पुढं जायची. दारात बसलेल्या बायका विचारायच्या, "पावनं, काय हरवलंय काय?" तू मान हलवायचास, उत्तर दिलं की आकडा चुकायचा म्हणून. मग मी मागून उत्तर द्यायची आणि वहीत लिहायची. कुठली गल्ली किती फेऱ्यांची, कुठल्या घराचा उंबरा किती उंच. उंची काढायला तू पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल धरायचास आणि टेपनं माप घ्यायचास. तिसऱ्या सुट्टीत तर लोक आपणहून बोलवायला लागले. "आमचं घर ऱ्हायलं की! आमचं काय बुडायचं न्हाय व्हय?"

त्या मे महिन्यातली ती सकाळ मला इतक्या वेळा आठवली आहे की झिजून गेली असेल. टेम्पोचा सायलेन्सर तुटला होता. तू घाटाच्या तोंडाशी गाडीखाली आडवा झाला होतास, नुसते पाय बाहेर. ऊन वाढायच्या आत घाटाची उंची काढायची होती, सगळ्यात खालच्या पायरीपासून देवळावरच्या त्या रेघेपर्यंत. तू आतूनच ओरडलास, "पेटीतली पट्टी घे आनि एकेक पायरी मोज. बेरीज नीट कर!" मी तुझी हत्यारांची पेटी उघडली. आत एक स्टीलची दोन फुटी पट्टी होती, टोकाला तांबडा रंग लावलेली. ती घेतली. पायरी पायरीनं, गुडघे टेकून, मी वर चढत गेले. बेरीज आली एकोणतीस फूट आठ इंच. मी ती अभिमानानं वहीत लिहिली आणि खाली रेघ मारली.

मॉडेल दिवाळीच्या सुट्टीत आलं. जस्ती पत्र्याच्या परातीत बसवलेलं सबंध गाव. पॅटर्न शॉपमधल्या उरलेल्या सागाची घरं, देवदाराचा घाट, पायऱ्या तर नखाएवढ्या. टेम्पोचं मागचं दार उघडून तू ते ठेवलंस आणि बघता बघता रस्ता भरला. आपलं गाव वरून कसं दिसतं ते त्यांतल्या कुणीच कधी बघितलं नव्हतं. मग एकजण म्हणाला, "ही आमची चावडी," आणि एकदम सगळे आपापलं घर शोधायला लागले. तू लोट्यानं पाणी ओतायला सुरुवात केलीस. पाणी घाट चढलं, पहिल्या गल्लीत शिरलं, दुसऱ्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. नुसतं लोटाभर पाणी आणि लाकडाचे ठोकळे, पण पुढची माणसं परातीपासून एक पाऊल मागं सरकली होती. मी गर्दीत उभी राहून तुझ्याकडं बघत होते. फौंड्रीतल्या एका पॅटर्न मेकरला एवढं सगळं डोळ्यांत धरता येतं? हा माझाच भाऊ का, असं वाटलं मला. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पाणी सांडतंय, परात वाकडी आहे."

त्या गर्दीत अंबाक्का होती. घाटाला लागून तिचं घर, नवरा गावचा फोटोग्राफर, जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यानं काढलेल्या फोटोंच्या काचा तिनं माळ्यावर चार पेट्यांत जपल्या होत्या. कागदाआधी काचेवर फोटो उमटायचे त्या काळातल्या. गावातली लग्नं, मिरवणुका, घाट, मेलेली माणसं. त्या ती उंचावरच्या मठात हलवणार होती. तिनं तुला विचारलं, "माझ्या माळ्यावर येतंय काय रं पानी?" तिचा माळा तू स्वतः टेपनं मोजला होतास. तू वही बघितलीस, देवळावरच्या रेघेचं माप बघितलंस, आणि म्हणालास, "आज्जाच्या वक्ताचा पूर परत आला तरी दोन बोटं खालीच ऱ्हातोय, अक्का. कशाला वझं उचलतीस?"

तिनं ऐकलं. काचा माळ्यावरच राहिल्या.

संक्रांतीला मी कोल्हापूरला तुझ्याकडं आले होते. दुपारी जेवताना तू वहिनीसमोर माझी खोडी काढलीस. मॉडेलच्या मापांत माझ्या हातून एक गल्ली उलटी लिहिली गेली होती ना, त्यावरून. "मास्तरीन हाय, पर पट्टी धराय येत न्हाय." मी तणतणत उठले आणि मागच्या पडवीत गेले. तुझी पेटी तिथं उघडी होती. तू मागून आलास, समजूत काढायला म्हणून एकेक हत्यार दाखवायला लागलास. तांबड्या टोकाची ती पट्टी उचलून म्हणालास, ही ओतकामाची. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच जरा मोठा करायचा, आणि त्यासाठी ही पट्टीच मोठी असते. हिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत जास्त. "हिनं बाकी काय मोजायचं न्हाय. साधी पट्टी येगळी, ती माझ्यापाशीच असती."

मला घाट आठवला. मला तांबडं टोक आठवलं. मोठ्या पट्टीनं मोजलं की माप कमी येतं, एवढं प्राथमिक शाळेच्या मास्तरणीला कळतं. मी तिथल्या तिथं बोलू शकले असते. पेटीतली घे असं तूच म्हणालास, आणि पेटीत तेवढी एकच होती, हे भांडायलाही माझ्याकडं होतं. पण नुकतंच तू मला पट्टीवरून चिडवलं होतंस. माझ्या नाकाला ते झोंबलं होतं. मनात म्हटलं, एक सूत! सूत म्हणजे काय, इंचाचा आठवा भाग. त्यानं काय बुडतंय. तीस फुटांना तीस सूत होतात, हे गणित मी मुद्दाम केलं नाही. शाळेत मुलांच्या बेरजा तपासायची मी, अण्णा.

मग पावसाळे येत गेले. प्रत्येक जुलैत मला अंबाक्का आठवायची, आणि ऑगस्ट सरला की मी विसरायची. आठव्या पावसाळ्यात महापूर आला.

आपण शिरोळपर्यंत जाऊ शकलो होतो. त्याच्या पुढं रस्ता नव्हता. ऊस नव्हता, शेतं नव्हती, विजेच्या खांबांची फक्त डोकी होती. मला वाटायचं पुराला आवाज असतो. काहीच आवाज नव्हता. एवढं प्रचंड पाणी, क्षितिजापर्यंत, आणि ते कुणाशी काही न बोलता चाललं होतं. तू चिखलातच चपला काढल्यास. मला तुझा राग आला, भीती वाटली आणि मग मीही काढल्या. माझ्या जन्मात मी इतकं मोठं काही बघितलेलं नाही. आपण किती बारीक आहोत हे कुणी न रागावता सांगितल्यासारखं होतं ते.

पाणी उतरल्यावर आपण भाकऱ्या आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन टेम्पोत भरून गेलो. पूर देवळावरच्या त्या जुन्या रेघेला बरोबर टेकून गेला होता, वर नाही, खाली नाही. आणि अंबाक्काच्या माळ्यावर तीन बोटं चढला होता. दोन दिवस हलला नव्हता. वरच्या पेट्या वाचल्या. खालच्या दोन पेट्यांत सगळ्यात जुन्या काचा होत्या. तिनं एक काच उचलून उजेडात धरली. काच शाबूत होती, तिच्यावरची माणसं धुऊन गेली होती. ती रडली नाही. दुसरी उचलली, तिसरी उचलली. तू दारात उभा होतास. तुझा चेहरा मला बघवेना.

दुपारी मी टेम्पोपाशी भाकऱ्या वाटत होते आणि तू एकटाच घाटावर गेलास. मी वरून बघितलं, तू गुडघे टेकून एकेक पायरी मोजत वर येत होतास. रेघेपाशी पोचलास, वही उघडलीस, आणि खूप वेळ तसाच बसलास. माझं अक्षर समोर होतं तुझ्या. फुटामागे एक सूत चुकलेलं माप पॅटर्न मेकरला ओळखू येणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. तू वर आलास. हात धुतलेस. म्हणालास, "तुझंच खरं, तंगी. नदी मोजायची गोष्ट न्हाय."

इतकी वर्षं मला तो वाद जिंकायचा होता. जिंकले, आणि हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. तेव्हा तरी बोलायचं. तेव्हाही मी गप्प बसले. त्यानंतर तू एकटाच कुरुंदवाडला जायला लागलास, आणि मला बोलवायचं थांबवलंस. वहिनी म्हणायची, कुणाचा तरी माळा दुरुस्त करायला जातात. मला वाटलं तू माझ्यावर रुसलास. रुसायचा हक्कच होता तुला.

काल अंबाक्कानं दार उघडलं. ऐंशीच्या पुढची आहे आता, पण कणा ताठ. तू गेल्याचं तिला कळलं होतं. तिनं मला आत नेलं, नदीकडच्या खोलीत, आणि अण्णा, मी दारातच थांबले. चपला बाहेरच काढल्या होत्या, नाहीतर तिथं काढल्या असत्या. खिडकीच्या सबंध चौकटीत त्या रिकाम्या काचा लावलेल्या होत्या. प्रत्येकीला सागाची बारीक चौकट, कुठं खिळा नाही. प्रत्येकीखाली पॅटर्नवर नंबर घालायच्या त्या तुझ्या रेखीव अक्षरात मजकूर. 'घाट, पूर ओसरल्यावर. डावीकडून तिसरी अंबाक्का, हातात कळशी. हसत नाही कारण सासू समोर.' 'तुकाप्पाची वरात. घोडा भाड्याचा, मिरजेहून.' 'बाळंतपणाआधी, सोप्यात.' काचांच्या आरपार नदी दिसत होती. दुपारचं ऊन पाण्यावरून उठून त्या काचांतून खोलीत येत होतं, आणि म्हातारी एकेका काचेपुढं उभी राहून मला माणसं दाखवत होती. शपथेवर सांगते, मला ती दिसली.

"तीन वर्सं येत हुता," ती म्हणाली. "म्या सांगायचं, ह्यानं लिव्हायचं. मी इसरलो तर म्हनायचा, आटीव अक्का, घाई न्हाय. समद्या झाल्या. एक बी काच ऱ्हायली न्हाय बघ."

मी खाली बसले. म्हटलं, अक्का, मला एक सांगायचंय. ती घाटाची मापं...

"व्हय की. पट्टी चुकली म्हनला. पुरानंतर पयल्यांदा एकलाच आला नि पायावर डोकं ठिवलं. मी इचारलं, कुनी मोजलतं रं? म्हनला, मीच."

मी वर बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती.

"ह्या खिडकीतनं घाट दिसतोय, बाई. त्या दिशी तो गाडीखाली हुता, नुसतं पाय भाईर. पायऱ्या मोजीत हिरव्या साडीतली बाई वर आलती. पर तो मीच म्हनला. मग मी म्हनलं, बरं बाबा, तूच."

तिनं चहा टाकला. मी प्यायले. एसटी चुकेल म्हणून तिनंच मला उठवलं.

मी मोजलं होतं, अण्णा. आणि मला माहीत होतं.